माझं पाणी मी आणलं आहे

गेल्या महिन्यात एका गुरुवारी, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, मला पहिली शिंक आली आणि तेव्हाच मी ठरवलं, की ही सर्दी आपल्यापाशीच ठेवायची. कुणाला द्यायची नाही. एवढाच निर्णय. त्याचा नातीच्या लग्नाशी काही संबंध येईल असं मला त्या वेळी वाटलं नाही. (मला वेळेवर सहसा काहीच वाटत नाही. नंतर फार वाटतं.)

मी संख्याशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. वय चौऱ्याहत्तर, मुक्काम बुलढाणा. मोजमापात होणाऱ्या चुका कशा विखुरतात, यावर मी पीएच.डी. केली. त्या टाळाव्यात कशा, हा विषय प्रबंधाच्या कक्षेबाहेर होता आणि पुढेही तो बाहेरच राहिला. काहीही झालं की मी वहीत नोंद करतो. गुरुवारची नोंद अशी आहे: शिंका एकेचाळीस, रुमाल सहा, घरातल्यांशी अंतर सरासरी सात फूट.

हे अंतर ठेवणं सोपं नव्हतं. मी गच्चीवरच्या खोलीत राहायला गेलो. माझ्या पेल्याला लाल दोरा बांधला. दाराच्या कड्या मी कोपराने उघडू लागलो, त्यात दोनदा कोपर सोललं. टॉवेल वेगळा केला, तेव्हा शारदा म्हणाली, "तुमचा टॉवेल चाळीस वर्षं वेगळाच आहे. आता त्याला कारण मिळालं, एवढंच." शारदा माझी बायको. ती मराठीची शिक्षिका होती, त्यामुळे तिचं वाक्य एकदा पूर्ण झालं की त्यात दुरुस्तीला जागा उरत नाही.

शुक्रवारी सायंकाळी हिमानीचा फोन आला. हिमानी माझी नात, चिन्मयची मुलगी. ती पुण्यात नोकरी करते. तिच्याच ऑफिसात शिवम नावाचा मुलगा आहे, नांदुऱ्याजवळच्या एका खेड्यातला. दोघांनी लग्न करायचं ठरवलंय. मुलगा दुसऱ्या जातीचा. आमच्याकडून त्याबद्दल काही प्रश्न नव्हता. मी पन्नास वर्षांपूर्वी जातिभेदाविरुद्ध कॉलेजात भाषण केलं होतं, सत्तावीस श्रोते होते. प्रश्न त्यांच्याकडून होता. शिकलेले, शहरातले, वरच्या जातीचे लोक आपल्याला नाकं मुरडतील, अशी शिवमच्या आजोबांना शंका होती. त्यांचं मन वळवायला आठ महिने गेले. मग आम्ही मुलाचं घर पाहायला जायचं ठरलं, तर चिन्मयची निवडणुकीची ड्युटी निघाली आणि तारीख पुढे गेली. आता रविवार नक्की झाला होता.

"मी येत नाही," मी फोनवर म्हणालो. "मला सर्दी आहे."

"आजोबा, तारीख एकदा बदलली आहे. आता तुम्ही आला नाहीत तर ते म्हणतील, म्हाताऱ्याला हे लग्न मान्य नाही."

"मग मी जातो आणि सर्दी आहे असं सांगतो."

"ते तर मुळीच नाही. तुम्ही सर्दी म्हणालात की पुढे विषाणू येतो. विषाणू आला की तुम्ही थांबत नाही. मागच्या वेळी मावशीच्या डोहाळजेवणात तुम्ही पाऊण तास बोललात. मला वचन द्या."

मी वचन दिलं. मागे उभ्या असलेल्या शारदाने त्यात आपलंही एक कलम घातलं. "आणि तिथे शिंकायचं नाही. सोयरिकीच्या बोलण्यात शिंक आली की जुन्या माणसांच्या मनात कायमची अढी बसते."

"शिंक ही ऐच्छिक क्रिया नाही, शारदा."

"तुम्ही मनावर घ्या."

मी मनावर घेतलं. म्हणजे कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून नाक वाळवणाऱ्या गोळ्या आणल्या. एक सांगितली होती, मी रविवारी सकाळी दोन घेतल्या. नाक उन्हाळ्यातल्या नदीसारखं कोरडं झालं, पण पापण्याही उतरल्या. गोळीने झोप येते, हे पाकिटावर फार बारीक अक्षरांत होतं. मास्क लावला तो शारदाने फाटकाशीच काढून घेतला. "तोंड बांधून सोयरिकीला जातात का?"

गाडी चिन्मय चालवत होता. शेजारी सून मंजुश्री, मागे आम्ही दोघं. हिमानी पुण्याहून आली होती, पण ती घरीच थांबली, कारण मुलीने लग्नाआधी सासरचं घर पाहायचं नसतं. (तिने ते दोनदा पाहिलं आहे. हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही.) डिसेंबरची थंडी होती, शारदाने काचा लावून घेतल्या. राजूर घाट उतरताना मंजुश्री सहज म्हणाली, "शिवमची बहीण काजल बाळंतपणाला आलीय. दीड महिन्याचं बाळ आहे घरात."

माझी झोप उडाली. "हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर आला असतात का?" शारदा म्हणाली.

मी वही काढली आणि योजना लिहायला घेतली. दीड महिन्याचं मूल. त्याला जी सर्दी होईल ती माझी असेल. ते जन्मभर मला ओळखणार नाही, पण मी त्याला ओळखणार. घाट संपेपर्यंत योजना तयार होती.

घर मोठं होतं. समोर शेणाने सारवलेलं अंगण, एका कडेला गोठा, दुसऱ्या कडेला खाट आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या. सगळं घर स्वागताला उभं होतं. सर्वांत पुढे शिवमचे आजोबा, उकंडराव. वय ब्याऐंशी, पांढरं धोतर, पांढरी टोपी, खांदे माझ्या दीडपट. ते दोन्ही हात पसरून माझ्याकडे निघाले. आमच्या भागात व्याही व्याह्याला कडकडून भेटतो. ती भेट झाली की निम्मी सोयरिक झाली असं धरतात.

"या प्रोफेसरसाहेब, या."

अंतर दहा फूट. आठ. पाच. मी खाली वाकलो आणि बुटाची नाडी बांधू लागलो. (माझ्या पायात चपला होत्या.) बऱ्याच वेळाने वर पाहिलं तेव्हा उकंडरावांचे हात खाली आले होते. मी दुरूनच नमस्कार केला. त्यांनीही केला.

शिवमचे वडील भागवत पाण्याचा ट्रे घेऊन आले. ट्रेमधला एक पेला उचलायचा, म्हणजे बाकीच्या पाचांना आपला हात लागण्याची शक्यता; शिवाय उष्टा पेला विसळणार कोण, तर घरातली बाई, आणि तीच पुढे बाळाला घेणार. मी पिशवीतून लाल दोऱ्याचा पेला आणि बाटली काढली.

"माझं पाणी मी आणलं आहे," मी म्हणालो.

भागवतांनी ट्रे जरा पुढे केला. मग हळूच म्हणाले, "साहेब, आर-ओचं हाये. मागच्याच महिन्यात मशीन बसवली."

"तरी नको."

शारदाने माझ्याकडे पाहिलं. तिने लगेच एक पेला उचलला आणि सगळं पाणी एका दमात प्यायली. मग दुसराही प्यायली. त्याचा अर्थ मला कळला नाही. मी वहीत रेघा मारत वारा कुठून येतोय ते पाहत होतो.

वारा गोठ्याकडून येत होता. म्हणजे माझा श्वास कुणावर जाऊ नये, तर मी वाऱ्याच्या खालच्या बाजूला बसायला हवं. ती जागा अंगणाच्या दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ होती. मी खुर्ची उचलून तिथे नेली.

"तिथं काऊन बसून राह्यले साहेब? इकडं या ना, उन्हात."

"इथेच बरं आहे."

पाहुणा चपलांपाशी बसला आहे म्हटल्यावर यजमानांना खाटेवर कसं बसवेल? उकंडराव उठले, भागवत उठले, सगळ्यांनी आपापल्या खुर्च्या उचलल्या आणि माझ्याभोवती आणून मांडल्या. तेवढ्यात वारा फिरला. मी खुर्ची घेऊन तुळशीपाशी गेलो. पाच मिनिटांत मंडळी तुळशीपाशी आली. मी पाण्याच्या टाकीकडे गेलो. मंडळी टाकीकडे आली. अर्ध्या तासात आम्ही सगळ्यांनी त्या अंगणाला एक पूर्ण प्रदक्षिणा घातली. लग्नाच्या बोलण्याचं एकही वाक्य कडेला लागलं नाही, कारण प्रत्येक वाक्याच्या मध्ये मी उठत होतो. प्रत्येक वेळी उठताना, आधीच्या जागी मी जिथे हात टेकला होता ती जागा, मग ती टाकीचा कठडा असो की दाराची कडी, मी सॅनिटायझरने पुसत होतो. मला वाटलं, हे कुणाच्या लक्षात येत नाहीये.

शिवमची आजी शालूबाई बशीभर शिरा घेऊन आल्या. मी मानेनेच नको म्हणालो. गोळीमुळे माझे डोळे अर्धे मिटलेले होते आणि शिंक थोपवायची म्हणून मी नाक वर करून बसलो होतो. चिन्मयने नंतर मला त्या वेळचा फोटो दाखवला. त्यातल्या माणसाची नात मीसुद्धा सून करून घेतली नसती.

मग काजल बाळाला घेऊन बाहेर आली. गुलाबी टोपडं, मुठी मिटलेल्या. ती सरळ माझ्याकडे आली. घरात आलेल्या वडीलधाऱ्याच्या मांडीवर मूल ठेवायचं, त्याने डोक्यावरून हात फिरवायचा, ही रीत.

"आजोबा, याले आशीर्वाद द्या," ती म्हणाली आणि वाकली.

मी खुर्चीसकट मागे सरकलो. "नको, नको. दूर. दूर ठेवा त्याला."

काजलने बाळाला छातीशी घेतलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती आत गेली. कोपऱ्यात उभ्या असलेल्या शिवमने मान खाली घातली. खिशात माझा फोन थरथरला. हिमानीचा संदेश होता: "आजोबा, सगळं ठीक ना? मला खूप भीती वाटतेय."

उकंडरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. ते रागावलेले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं.

"प्रोफेसरसाहेब, एक गोष्ट सांगतो, मनावर घेऊ नका. मी आठ वर्षांचा असीन. माह्या बापासंग तुमच्या बुलढाण्याले आलो होतो, कोर्टाच्या कामाले. वकिलाच्या घरी बापानं पाणी मांगितलं. त्या घरच्या बाईनं वरून ओंजळीत वतलं. भांडं लागू नाई देलं. बाप पेला. मी नाई पेलो. तहान लागली होती तरी नाई पेलो." त्यांनी मांडीवरची टोपी सरळ केली. "तो काळ गेला असं शिवम म्हणते. मलेही पटलं होतं. पण आज तुम्ही बाटली काढली, लोटाही घरचा. कठडा पुसला, कडी पुसली. लेकराले दूर ठेवा म्हणाले. तुमच्या पोरीत काही खोट नाई. पण ज्या घरच्या मोठ्या माणसाले आमचं पाणी चालत नाई, त्या घरची पोर आमच्या घरात आणून तिले कायले दोन्हीकडून मारायचं?"

मला सगळं एकदम दिसलं. पेला, नाडी, चपला, कडी. मी गेले दीड तास जे करत होतो ते त्या अंगणातून कसं दिसत होतं, ते. विषाणूला शिवू नये म्हणून मी जे जे केलं, ते ते माझ्या पणजोबांनी माणसांना शिवू नये म्हणून केलं होतं, आणि करताना आमचं ध्यान बहुधा सारखंच दिसत असणार. सत्तावीस श्रोत्यांपुढचं माझं भाषण या अंगणात कुणी ऐकलेलं नव्हतं.

मी शारदाकडे पाहिलं. ती म्हणाली, "अहो, सांगा आता."

"मला सर्दी आहे," मी म्हणालो.

भागवत थंडपणे म्हणाले, "आता झाली का?"

"गुरुवारपासून आहे. सात दहापासून."

"दीड घंटा झाला, एक शिंक नाई, नाक पुसलं नाई," भागवत म्हणाले. "साहेब, राहू द्या. तुम्ही मोठे लोक, खोटं बोलायची काही गरज नाई."

माझी खात्री होती की अशा वेळी तरी शिंक येईल. मी नाक मोकळं सोडलं. वर सूर्याकडे पाहिलं. आत ओढून पाहिलं. काही नाही. गुरुवारी एकेचाळीस शिंका देणारं ते नाक, ज्या दिवशी एक हवी होती त्या दिवशी दोन गोळ्यांच्या अमलाखाली गाढ झोपलं होतं. मी सगळ्यांसमोर तोंड उघडं टाकून, डोळे बारीक करून आभाळाकडे पाहत उभा होतो. शारदाने डोक्याला हात लावला.

"पिशवी दाखवा," ती म्हणाली, आणि मी काही म्हणायच्या आत तिने माझी पिशवी खाटेवर उपडी केली. त्यातून तापमापक पडला, विक्सची डबी पडली, धुतलेले पाच रुमाल, न धुतलेले तीन (वेगळ्या पिशवीत), गोळ्यांचं पाकीट आणि वही. शिवम पुढे आला. त्याने वही उचलली, चाळली आणि मग आजोबांसमोर उभा राहून मोठ्याने वाचू लागला.

"गुरुवार, शिंका एकेचाळीस. शुक्रवार, छत्तीस. शनिवार, एकोणतीस, उतार समाधानकारक." त्याने पान उलटलं. "रविवार. घरात बाळ, वय दीड महिना. कोणत्याही परिस्थितीत जवळ जाऊ नये. रडलं तरी. उकंडराव, वय ब्याऐंशी. दमा आहे का, हिमानीला विचारणे. गळाभेट टाळावी. कंसात, फार इच्छा आहे." त्याचा आवाज जरा बदलला होता. "घरच्यांची भांडी उष्टी करू नयेत. बसायला वाऱ्याची खालची बाजू निवडावी. खाली अंगणाचा नकाशा हाये, आबा. बाण काढले हायेत वाऱ्याचे."

"पाहू," उकंडराव म्हणाले. त्यांनी वही हातात घेतली, लांब धरली, तो नकाशा बराच वेळ पाहिला. मग शालूबाईंना दाखवला. शालूबाई म्हणाल्या, "हे गोठ्याच्या जागी काय काढलं? बैल हाये का हा?"

"तो वारा आहे," मी म्हणालो.

पहिल्यांदा शालूबाई हसल्या. मग आतून काजलचं हसू ऐकू आलं. उकंडराव हसले तेव्हा त्यांचे खांदे हलले, आणि ते उठून पुन्हा दोन्ही हात पसरून माझ्याकडे निघाले.

"उकंडराव, ऐका. संसर्गाची शक्यता—"

"ते जाऊ द्या बाप्पा. ब्याऐंशी वर्षं झाले. सर्दीनं मेलो तर लोकाईले सांगाले सोपं जाईल." त्यांनी मला मिठीत घेतलं. माझ्या बरगड्या मोजता येतील इतकं घट्ट. आणि तिथे, त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या खांद्यावर, गोळ्यांचा अंमल संपला. मला एकापाठोपाठ नऊ शिंका आल्या.

शारदाने डोळे मिटून घेतले. सोयरिकीच्या अंगणात, ऐन गळाभेटीत, नऊ शिंका. सगळ्यांनी शालूबाईंकडे पाहिलं, कारण शकुनाचं खातं त्यांच्याकडे होतं. त्यांनी थोडा विचार केला.

"आजारी माणसाच्या शिंका धरत नाईत," त्या म्हणाल्या. "काजल, साखर आण व."

साखर वाटली गेली. मार्चमधली तारीख ठरली. मी पितळी तांब्याने त्यांच्या घरचं पाणी प्यायलो, दोन तांबे, आणि तो तांब्या उकळून घ्या असं सांगणार होतो, तर शारदाने माझ्या पायावर पाय दिला.

इथे ही हकिगत संपायला हवी होती. पण मंगळवारी सकाळी चिन्मय शिंकला. दुपारी मंजुश्री, संध्याकाळी शारदा, आणि परत पुण्याला जायच्या तयारीत असलेली हिमानी बुधवारी तापाने निजली. परक्या घरात मी वारासुद्धा मोजला होता. आमच्या गाडीत मात्र काचा लावून जाता-येता तीन तास मी सगळ्यांच्या मधोमध शांतपणे श्वास घेत होतो, ही गोष्ट योजनेत राहून गेली. शारदाने मला बोल लावला नाही. ती फक्त म्हणाली, "तुमच्या वहीत लिहा." मी लिहिलं. मग स्वयंपाकघरात जाऊन चौघांसाठी मुगाची खिचडी टाकली.

तेवढ्यात फोन वाजला. उकंडराव. त्यांच्याकडे सगळे ठणठणीत होते, बाळही. मला इतकं बरं वाटलं की मी स्टुलावर बसलो.

"शिवमनं सांगितलं घरचे सारे आजारी हायेत म्हणून," ते म्हणाले. "आता आपण सोयरे झालो. भेटाले आलं पाह्यजे."

"नको, नको. उकंडराव, तुम्ही आता नीट ऐकून घ्या."

आणि मी सांगितलं. आता वचनाचं बंधन नव्हतं. विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ, कडीवर तो किती तास टिकतो, हात किती वेळ आणि कसे धुवायचे, बंद खोलीत चार रुग्ण असताना पाचव्याला धोका किती, आणि त्यांच्या वयात तो किती पटींनी वाढतो, हे सगळं मी क्रमाने, सोप्या मराठीत सांगितलं. पंधरा-वीस मिनिटं तरी बोललो असेन. ते मध्येमध्ये "हाव, हाव" म्हणत होते. आयुष्यात इतका चांगला श्रोता मला मिळाला नव्हता. शेवटी मी म्हणालो, "तर आठ दिवस तरी कुणीही आमच्या घराकडे फिरकू नये. पटतंय ना?"

"शंभर टक्के पटलं साहेब," उकंडराव म्हणाले. "आता तेवढं फाटक उघडा. आम्ही नऊ जण कव्हाचे बाहेर उभे हाओत. आन् शिवमची आजी म्हणते का तुमची खिचडी करपून राह्यली. तुमचं नाक बंद हाये, तुम्हाले नाई समजणार, पण रस्त्यापावतर वास येऊन राह्यला."